सत्तेचाळीस

रीगाहून निघाले तेव्हा उणे अकरा होतं,
दुग्धशाळेच्या फाटकाशी उणे सतरा.
इल्गवार्सने हातमोजा न काढताच हात मिळवला,
म्हणाला, पडद्यावर आकडे नाहीत,
नुसत्या चांदण्या आहेत.

खरंच होतं. नवा पीसी, नवा मॉनिटर,
पाश्चरायझरचं हिरवंगार चित्र,
आणि तापमान जिथं दिसायचं तिथं
पाच चांदण्या, ओळीनं.
बहात्तर अंश की बासष्ट, सांगणार कोण?
बाहेर एगिल्सचा टँकर इंजिन चालू ठेवून उभा,
आठ हजार लिटर दूध
ताटकळलेलं.

यंत्र बोलतच असतं.
कुणी ऐकायचं, तेवढं आपण ठरवायचं.
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य:
ही आळी, सगळ्यांची तीच.
शेवटचा आकडा ज्याचा त्याचा.
मग मास्क, दोनशे पंचावन्न तीनदा आणि एक शून्य,
म्हणजे आळीची वेस.
गेटवे रिकामा.
इथून कुणाला बाहेरगावी जायचं नाही.

पीसीला कार्डं दोन.
एकाचं तोंड ऑफिसकडे,
तिथं पगारपत्रकं आणि कुणाच्या तरी नातवाचे फोटो.
दुसऱ्याचं यंत्रांकडे, पण त्याला पत्ताच दिलेला नाही.
आणि सॉफ्टवेअर बिचारं रात्रभर
पहिल्यालाच विचारत बसलेलं,
अहो, इथं पाश्चरायझर कुठं राहतो?

कॅबिनेटच्या दाराला आतून विल्निसची यादी.
विल्निस गेल्या शरदात गेला.
पेन्सिलीचं बारीक अक्षर:
एक्केचाळीस सेपरेटर,
बेचाळीस लोणी,
चव्वेचाळीस, शहाजिऱ्याच्या चीजची प्रेस.
सत्तेचाळीसपुढे काही नाही, एक रेघ फक्त.

मोकळा आहे, घ्या, इल्गवार्स म्हणाला.

मी घेतला नाही लगेच.
रिकाम्या दिसणाऱ्या घरावरही
आधी टकटक करावी, एवढं या धंद्यानं शिकवलं.
पिंग टाकला.

उत्तर आलं.
एक मिलिसेकंदही न लागता.
चारदा विचारलं, चारदा आलं,
दाराशीच कुणी उभं असावं तसं.

इल्गवार्स माझ्याकडे बघतो, मी स्विचकडे.
अकरा नंबरचा दिवा लुकलुकतोय.
अकराची केबल, करडी, जुनी,
भिंतीतल्या भोकातून पलीकडे,
मग दोरीवर वाळत घातलेल्या ॲप्रनांमागून,
मग लाकडी जिना,
मग बंद पडलेली जुनी प्रयोगशाळा,
जी बंद नव्हती.

टेबलाखाली बिनपडद्याचा एक पीसी,
पंखा दमेकऱ्यासारखा.
त्याच्या पाठीवर घडी घातलेली लोकरीची शाल
आणि शालीत एक बरणी.
स्कायद्रिते दारात आली, हातात मिठाचा डबा,
चोरी पकडल्यासारखी.

विरजण आहे, म्हणाली.
एकोणीस वर्षं याच्याच उबेवर लागतंय.
विल्निस म्हणाला होता, याला हात लावायचा नाही कुणी,
म्हणून मी पुसतसुद्धा नाही.

मी माझा लॅपटॉप जोडून पाहिलं.
तो पीसी अजून तीन नंबरच्या टाकीचं तापमान विचारत होता,
दर दहा सेकंदांनी,
आणि लिहून ठेवत होता,
न वाचल्या जाणाऱ्या एका फाइलीत.
टाकी नंबर तीन मोडीत निघून सहा वर्षं झाली.
उत्तर येत नव्हतं.
तो विचारत होता.

बंद करू का, इल्गवार्सनं विचारलं.
तो बरणीकडे बघत नव्हता मुद्दाम.

खाली येऊन मी अठ्ठेचाळीसला हाक मारली.
कुणी ओ दिली नाही.
ती शांतता नीट ऐकून घेतली,
मग तो आकडा नव्या कार्डाला दिला,
सॉफ्टवेअरला ते कार्ड दाखवलं, पीसी पुन्हा सुरू केला.

चांदण्या मावळल्या.
बहात्तर पूर्णांक चार.
एगिल्सनं बाहेर पाइप जोडला, कुणाला तरी शिवी दिली, हसला.

निघताना विल्निसच्याच पेन्सिलीनं
यादीत अठ्ठेचाळीस लिहिलं, नवा पीसी.
सत्तेचाळीसच्या रेघेवर पेन्सिल थोडी थांबली.
लिहिलं: विरजण.
खाली तारीख घालायची असते.
ती राहिली.